दोनशे आठ पानं

माझं पुस्तक पाठीकडून आधी छापून झालं. आतली बत्तीस पानं अजून लिहायची होती, आणि मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मधली उभी कड, पापणी लवायच्या बेतात असलेला माझा फोटो, हे सगळं चकचकीत कागदावर तयार होऊन प्रकाशकांच्या टेबलावर पसरलं होतं.

"कसं वाटतंय?" प्रकाशकांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं. "पण एवढी घाई कशाला केलीत? मी अजून लिहितेय."

प्रकाशकांनी मला शिकवणीतल्या ढ मुलीला सांगावं तसं समजावून सांगितलं. मुखपृष्ठं एकेकटी छापत नाहीत, एका मोठ्या कागदावर चार पुस्तकांची मिळून छापतात. बाकी तिघांची तयार होती, माझ्या एकटीसाठी कोण थांबणार? आणि उभ्या कडेची जाडी पानांवर ठरते. मी मागे कधीतरी "दोनशेच्या आसपास" असं म्हणून गेले होते. सोळा-सोळा पानांचे फर्मे असतात, तेरा फर्म्यांची दोनशे आठ पानं होतात. त्या हिशेबाने कड बेतून टाकली.

"म्हणजे आता दोनशे आठच पानं?"

"दोनशे आठच. कमी झाली तर कव्हर ढगळ होईल."

हे ते मला सांगत होते. मी जन्मभर लोकांचे ढगळ कपडे मापात आणून दिले आहेत. इथे मात्र कपडा शिवून तयार होता आणि माणूस त्यात कोंबायचा होता.

पानांचं एक वेळ सोडा. मला धडकी भरली होती ती मलपृष्ठावरच्या मजकुराने, आणि तो मीच लिहून दिला होता. 'कपडे दुरुस्त करण्याचं एक दुकान. मधे प्लायवूडची भिंत. दोन्ही बाजूंना दोन बहिणी, थोरली आणि धाकटी, बावीस वर्षं एकमेकींशी एक शब्द न बोलता शिवत राहिल्या. ती भिंत कशी उभी राहिली आणि शेवटी त्या दोघी पुन्हा कशा बोलल्या, त्याची ही खरी गोष्ट.'

त्या दोघी अजून बोललेल्या नव्हत्या.

थोरली म्हणजे माझी आई, धाकटी म्हणजे माझी मावशी. ही नावं गिऱ्हाइकांनी ठेवलेली. मी बारकी, शेहेचाळीस वर्षांची झाले तरी बारकीच. आमच्याकडे चेन बदलून मिळते, पँट आखूड करून मिळते, अंगाने सुटलेल्यांचे कोट सैल करून मिळतात. पूर्वी नवे कपडेही शिवायचो, आता ते फक्त मावशी शिवते. एकाच गाळ्याला दोन दारं आहेत. एका दाराने आत आलात तर आई आणि मी, दुसऱ्याने गेलात तर मावशी आणि तिचं पायाने चालवायचं मशीन. आईला आता कमी ऐकू येतं. पलीकडचं मशीन चालू आहे की बंद, हे कळायला ती मधूनमधून सुई ठेवते आणि डावा तळहात प्लायवूडला टेकवते. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "पाठीला आधार घेतेय." तळहात टेकवून पाठीला आधार कसा मिळतो, हे मी पुढे विचारलं नाही.

लिहायचं वेड मला उशिरा लागलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर मी कापायच्या टेबलावर वही घेऊन बसते. एका साप्ताहिकात वाचकांच्या पानावर दुकानाबद्दलची माझी चार-पाच टिपणं आली. मग एक दिवस एक बाई कोटाची चेन बदलायला आल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे ते दुकान का?" त्या एका प्रकाशनाच्या संपादक निघाल्या. चेन बदलून होईस्तोवर पुस्तक ठरलं.

मलपृष्ठाचा मजकूर त्यांनी फार आधी मागितला. यादीत द्यायचा होता, दुकानदारांना पाठवायचा होता. "शेवटी काय होतं ते थोडं सूचित करा," त्या म्हणाल्या. "काय होतं शेवटी?"

"बोलतात," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. पण खोटं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. मला खात्री होती. पुस्तक पुरं व्हायच्या आत मी त्या दोघींना बोलायला लावणार होते, कारण त्या भांडणाचं मूळ जगात फक्त मला माहीत होतं. माझ्या खणात, दोऱ्यांच्या रिळांखाली, दोन टेप होते.

आमच्या दुकानात आईचा एक नियम होता. एका दुकानात एकच टेप. कापडी टेप वापरून वापरून ताणतो, इंच जरा मोठे होतात. त्याने काही बिघडत नाही, कारण मापही त्याच टेपने घ्यायचं आणि कापडही त्याच टेपने कापायचं. चूक असली तरी दोन्हीकडे सारखीच, कपडा बरोबर बसतो. आमचा टेप आईच्या गळ्यात असायचा. माप ती घ्यायची, कापायचं काम मावशीचं. मावशीचा हात इतका चांगला होता की दुसरे शिंपी तिचं कापणं बघायला यायचे. पण दर वेळी तिला "ताई, टेप दे" म्हणत हात पुढे करावा लागायचा, आणि ते मला बघवायचं नाही. चोवीस वर्षांची होते तेव्हा मी मावशीला माझ्या कमाईतून एक नवा पिवळा टेप आणून दिला. ती हरखली. आईपण काही बोलली नाही. मावशीने तो गळ्यात घातला आणि त्याच आठवड्यात एका मुलीचा लग्नाचा पोशाख कापला.

माप आईच्या ताणलेल्या टेपचं, कापणं माझ्या नव्या टेपचं. भारी कापड, तेही जेमतेम, म्हणून आत सैल करायला काही सोडलेलं नव्हतं. कमरेला अर्धा इंच कमी पडला. लग्नाच्या आदल्या दिवशी ती मुलगी आमच्या आरशासमोर उभी होती आणि पाठीवरची चेन वर सरकत नव्हती. आई म्हणाली, माझं माप बरोबर आहे. मावशी म्हणाली, माझं कापणं बरोबर आहे. शब्दाने शब्द वाढला. आई चार गिऱ्हाइकांदेखत मावशीला म्हणाली, "उद्यापासून कात्रीला हात लावू नकोस. बटणं लाव." मावशी म्हणाली, "तुला नवरा टिकवता आला नाही, दुकान काय टिकवणार?" मग तिने पिवळा टेप गळ्यातून काढून टेबलावर टाकला आणि बाहेर गेली. आठ दिवसांत सुतार आला.

सहा महिन्यांनी खण आवरताना दोन्ही टेप मी शेजारी शेजारी धरले आणि फरक दिसला. तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, आईचा मूड बरा असताना सांगू, असं करत बावीस वर्षं गेली. मी भित्री आहे, दुसरं काही नाही. पुस्तक लिहायला घेतलं तेही बहुधा त्यापायीच. एकशे शहात्तर पानं मी त्या टेपांच्या भोवती फिरत राहिले.

आता पुस्तक पुरं करून द्यायला तीन आठवडे उरले होते. मी आईला घरी सांगायचं ठरवलं. दुकानात सांगितलं असतं तर आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मावशीलाही सगळं कळलं असतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आई खिडकीपाशी बसली होती. मी दोन्ही टेप तिच्या मांडीवर ठेवले. अजून नीट सरळही केले नव्हते.

"अर्धा इंच," आई म्हणाली.

"तुला माहीत आहे?"

"त्याच आठवड्यात कळलं. दोन्ही खुंटीला लावलेले होते. एक खाली लोंबत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"सुतार माप घेऊन गेला होता ना."

"आई!"

"ओरडू नकोस, तेवढं ऐकू येतं मला. सुताराने स्वतःचा टेप आणला होता. त्याचं काही चुकलं नाही."

हसावं की रडावं मला कळेना. बावीस वर्षं जे मी छातीवर दगडासारखं बाळगलं, ते या बाईने केव्हाच बघून खुंटीला परत लावून ठेवलं होतं. मला तिचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त.

"पण मग भांडण कशाचं राहिलं?" मी म्हटलं. "तुझंही बरोबर होतं, तिचंही बरोबर होतं. चूक टेपची. म्हणजे माझी."

"नवरा टिकवता आला नाही, हे काय टेपने सांगितलं तिला?"

"तूही तिला बटणं लाव म्हणालीस."

आईने टेप गुंडाळायला घेतला. गुंडाळून झाला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. "म्हणाले," ती म्हणाली. "मलाही ते कुणी सांगायला लावलं नव्हतं. परत कसं घ्यायचं, ते मला येत नाही. शिलाई असती तर उसवली असती." मग जरा वेळाने म्हणाली, "तुझं पुस्तक अडलंय ना? लिही बोललो म्हणून. मी काही नाही म्हणायला यायची नाही."

हे तिने फार मायेने सांगितलं. बहिणीशी बोलायला ती तयार नव्हती. माझ्यासाठी खोटं बोलायला तयार होती.

उरली मावशी. रोज चारला मी दुकानाबाहेरून वळसा घालून तिच्याकडे चहाला जायचे. बावीस वर्षांत त्यात खंड नव्हता. दुसऱ्या दिवशी आई डॉक्टरकडे गेली होती, भिंतीपलीकडे कुणी नव्हतं. मी टेप मावशीच्या मशीनच्या फळीवर ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं.

मावशीने चहा बाजूला ठेवला. दोन्ही टेपांची टोकं पितळेच्या पट्टीला लावून ताणली. एकदा मोजलं, उलटं करून मोजलं, चष्मा पुसून परत मोजलं.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता," ती म्हणाली.

आवाज अगदी साधा होता. मला वाटलं होतं ती मोकळी होईल, हसेल, निदान मला दोन शिव्या घालेल. तिने टेबलावरची कापलेली बाही उचलली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. लोक कौतुकाने म्हणतात, धाकटीच्या हातच्या कपड्यात आत भरपूर कापड सोडलेलं असतं, पुढे उपयोगी पडतं. मीही पुस्तकात एका ठिकाणी तसं कौतुकच केलं होतं. ती का सोडते ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. बावीस वर्षं तिचा स्वतःच्या हातावर विश्वास नव्हता.

"ताईला माहीत आहे?" तिने विचारलं.

इथे मला खोटं बोलता आलं असतं. मलपृष्ठावर बोललेच होते. पण मावशी माझ्याकडे बघत होती.

"हो."

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यापासून."

"आणि तुला?"

"सहा महिन्यांनी कळलं."

मावशीने दोन्ही टेप गुंडाळून माझ्या हातात दिले. "चहा संपव," ती म्हणाली. "मला काम आहे."

दुसऱ्या दिवशी चारला गेले, तर तिने मान वर केली नाही. "काम आहे गं." तिसऱ्या दिवशी तेच. आधी त्या दोघी बोलत नव्हत्या, पण दोघी माझ्याशी बोलत होत्या. आता तेही गेलं. भिंत पाडायला गेले होते आणि माझ्याच हाताने तिच्यात आणखी चार खिळे ठोकून आले.

मी प्रकाशनाच्या कचेरीत गेले. संपादक बाईंना सगळं सांगितलं, कव्हर बदलता येईल का विचारलं. त्या मनाने वाईट नाहीत. त्यांनी आत जाऊन प्रकाशकांना विचारलं आणि परत आल्या.

"नवीन छापणं शक्य नाही. त्या ओळीवर वरून पट्टी चिकटवता येईल म्हणतात. पण पट्टीवर लिहायचं काय?"

"बोलल्या नाहीत, असं लिहा."

बाई हसल्या, मग मी हसत नाही हे बघून गप्प झाल्या. "मी काय म्हणते," त्या हळूच म्हणाल्या, "शेवटी दोघींचा एक छोटा संवाद घाला. दोन ओळी. तपासायला कोण येणार आहे? त्यांची हरकत आहे का?"

"आईने परवानगी दिली आहे."

"मग घोडं अडलं कुठे?"

मी तीन सकाळी तो संवाद लिहायचा प्रयत्न केला. मधली भिंत काढून टाकली, दोघींना समोरासमोर बसवलं, आईच्या तोंडी "चुकलं माझं" घातलं. वहीतली आई ते म्हणेना. जन्मभर तिला ऐकत आले आहे, ती काय म्हणेल ते मला नेमकं माहीत होतं. ती म्हणाली असती, सुतार माप घेऊन गेला होता.

चौथ्या दिवशी मी नाद सोडला आणि जे झालं ते लिहिलं. टेप मी आणला. अर्धा इंच कमी पडला. आईला कळलं, ती गप्प बसली. मला कळलं, मी गप्प बसले. मावशीला शेवटी सांगितलं, तर तिने माझा चहा बंद केला. एकतीस पानं आणि वर चार ओळी झाल्या. प्रकाशक खूश झाले, बरोबर बसलं म्हणाले. आत काय आहे त्याने त्यांना फरक पडत नव्हता. माझ्या पहिल्या पुस्तकाची पाठ एक सांगत होती आणि पोट दुसरंच, आणि ते तसंच बांधलं जाऊन बाहेर येणार होतं. मी काही करू शकत नव्हते.

दहा प्रतींचं पार्सल दुकानात आलं. एक प्रत घेऊन मी मावशीच्या दारात गेले. "ठेव तिथे," ती म्हणाली. मी बटणांच्या डब्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी बाहेरून जाताना पाहिलं, तिथेच होती, वर खडूचा एक तुकडा ठेवलेला.

आईने मात्र पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. काज करायचं, दोन पानं वाचायची, परत काज करायचं. ओठ हलायचे, आवाज नाही. वाचताना मधेच माझ्याकडे बघायची आणि काही न बोलता पुढे वाचायची. मलपृष्ठही तिने वाचलं. "लिहिलंस म्हणजे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आत तसं नाहीये. तिला बहुतेक ऐकू गेलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ती शेवटच्या भागापाशी आली. मी एका पँटची दुमड उसवत होते. भिंतीपलीकडे मावशीचं मशीन चालू होतं. आईने एक पान वाचलं आणि तिथेच थांबली. मग तिने सुई उशीत खोचली, खुर्ची भिंतीकडे सरकवली, डावा तळहात प्लायवूडला टेकवला, उजव्या हातात पुस्तक धरलं आणि वाचायला लागली. मोठ्याने. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तितक्या मोठ्याने.

"धाकटीचा हात चुकला नव्हता."

मशीन थांबलं.

आईला ते तळहाताला कळलं असणार. तिने मान वर केली नाही. बोट ओळीखाली सरकवत ती पुढे वाचत गेली, शाळेत उभं करून वाचायला लावलेल्या मुलीसारखी, एकेक शब्द सुटा.

"कागदावर जे माप दिलं होतं, त्याला धरून तिने कापलं. त्यात दोऱ्याचाही फरक नव्हता. चूक दोन टेपांची होती. थोरलीला ती त्याच आठवड्यात कळली. ती बोलली नाही."

तिथे तिने वाचणं थांबवलं. दुकानात कुणी गिऱ्हाईक नव्हतं. माझ्या हातातली पँट तशीच राहिली. आई, आता पुस्तकातलं नको, तुझं काहीतरी बोल, असं मला तिला गदागदा हलवून सांगायचं होतं. मावशीकडे धावत जावं, दार उघडावं, तिला ओढत आणावं असंही वाटलं. मी जागची हलले नाही. बावीस वर्षांपूर्वी काहीतरी चांगलं करावं म्हणून मी एक टेप आणला होता. आता काहीही करायची माझी हिंमत नव्हती.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग पायडल एकदा करकरलं आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

आईचा तळहात प्लायवूडवरच होता. तिने तो काढला नाही. चष्मा मनगटाने वर सरकवला, बोट परत पहिल्या ओळीवर नेलं आणि तेच पान पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलं, मघापेक्षा मोठ्याने.